आरूचे आप्पा

आप्पा गेल्याचा मंगलचा फोन आला तेव्हा मी दौंडला, शाळेच्या व्हरांड्यात होते. "बाई, आप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. समोर मुलं प्रार्थनेला रांगा लावत होती. माझ्या कानात मात्र आप्पांचा खणखणीत आवाज घुमत होता, "मंगल, अजून एक पाणी!"

हे पाणी म्हणजे कपडे खळबळायचं पाणी. त्या एका पाण्यावरून सासऱ्या-सुनेचं काय वाजायचं! पण आधी आप्पा कोण, ते सांगायला हवं.

माझी कवठे येमाईच्या शाळेत बदली झाली तेव्हा सोनबा आप्पांच्या घराला लागून असलेली खोली मी भाड्यानं घेतली. आप्पा उंच, काटक. डोक्याला गुलाबी पटका, अंगात बंडी, खांद्यावर घोंगडी, आणि ती भर उन्हाळ्यातसुद्धा. तरुणपणी मेंढरं घेऊन पार कोकणात उतरलेला माणूस. आता रानात पाणी आलं होतं, कांदा होता, ऊस होता. मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत कंपनीची बस चालवायचा. तरी आप्पांनी हौसेपुरती थोडी मेंढरं ठेवली होती. सकाळी घेऊन जायचे आणि दिवस कलला की परत यायचे.

रानात हाका मारून मारून त्यांचा आवाज असा झाला होता की घरात साधं बोलले तरी भांडण चाललंय असं वाटावं. त्यांना खासगी काही सांगायची सोय नव्हती. मी नवीन होते तेव्हा एकदा माझं पोट बिघडलं. मंगलनं ओव्याचं पाणी करून दिलं. दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीसमोरून चालले होते, पारावर दहा माणसं बसलेली, आणि आप्पा रस्त्याच्या पलीकडून ओरडले, "बाई, पोट थांबलं का?" त्यानंतर आठवडाभर गावातलं कुणीही भेटलं की माझ्या पोटाची चौकशी करायचं.

कुठलीही नवी गोष्ट सांगितली की ते एकच म्हणायचे, "पटवून सांगा." मग मांडी ठोकून बसायचे. "पटलं तर जीव देईन. न्हाई पटलं तर तुमचं तुमच्यापाशी."

नात आरोही म्हणजे आरू, त्यांचा जीव की प्राण. तिच्या बारशाला आप्पांनी जावळाची घोंगडी विणून घेतली होती. कोकरांची पहिल्यांदा कातरलेली मऊ लोकर, तिला जावळ म्हणतात. अशी घोंगडी आता सहसा बघायला मिळत नाही. आरू त्या घोंगडीत गुंडाळूनच वाढली.

मी गेले तेव्हा ती बालवाडीत होती. डोळे मोठे, बोलणं आप्पांसारखं ठणठणीत, आणि हातापायांच्या लवणींत, कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागे लाल, ओलसर चट्टे. ती सारखी खाजवायची. झोपेत तर इतकं की सकाळी अंथरुणावर रक्ताचे डाग दिसत. मंगल तिच्या हातांना मोजे बांधायची. आरू दातांनी मोजे सोडवायची.

"गजकर्ण हाय," गावातल्या बाया म्हणत. "लागंल आपल्या पोरांना." बालवाडीत तिच्या शेजारी कुणी बसेना. ती भिंतीला टेकून एकटी डबा खायची.

आप्पांनी काय काय केलं नसेल! एकदा कुठल्याशा बाजारातून कुणीतरी दिलेलं पाल्याचं औषध घेऊन आले. त्यात लिंबू पिळायचं होतं. मंगल नको म्हणत होती. आप्पांनी स्वतः वाटलं आणि स्वतःच लावलं. आरूनं जी किंकाळी फोडली ती मी माझ्या खोलीत ऐकली. धावत गेले तर मंगल तिला पाण्याखाली धरून उभी होती, आणि आप्पा दारात, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, जणू ते हात त्यांचे नव्हतेच. मग ते तसेच रानाकडे निघून गेले. परत आले तेव्हा माझ्या दाराशी थांबले.

"बाई, म्या माझ्या हातानं भाजलं पोरीला," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. "तुम्ही शिकल्या-सवरल्या. कुठं न्यायचं सांगा."

शिरूरला एक त्वचेच्या डॉक्टर होत्या. मंगलनं मलाही सोबत नेलं. आप्पा पटका नीट बांधून, खांद्यावर घोंगडी टाकून आले. डॉक्टरबाईंनी आरूला तपासलं, तिच्याशी तिच्या कोकरांबद्दल गप्पा मारल्या, आणि मग मंगलला विचारायला लागल्या, पोर झोपते कशावर, पांघरते काय, आंघोळीचं पाणी किती कढत, साबण कुठला, कपड्याला पावडर कुठली, घरात धूर होतो का. आप्पांना ते काही आवडलं नाही.

"रोग पोरीला हाय, मॅडम. तुम्ही घराची झडती घ्यायला लागल्या."

"आप्पा, याला इसब म्हणतात. एक्झिमा," त्या म्हणाल्या. "हा कुणाकडून कुणाला लागत नाही. आरूची कातडी जन्मतःच कोरडी आणि नाजूक आहे. आपल्याला न बोचणाऱ्या गोष्टी तिला बोचतात. मलम मी देते, ते सांगितल्याप्रमाणे लावायचंच. पण घरात तिला काय बोचतंय तेही शोधायला हवं. आता ही लोकर..."

"लोकर?" आप्पांचा आवाज बाहेर बसलेल्या पेशंटांपर्यंत गेला असणार. "माझा जन्म लोकरीत गेला. माझ्या बापाचा गेला. साधी पुटकुळी उठली न्हाई कवा. पटवून सांगा!"

डॉक्टरबाई हसल्या. आप्पांच्या मनगटावर बाभळीच्या काट्यानं ओरखडलेलं ताजं होतं. त्यांनी आप्पांच्याच घोंगडीचं टोक उचललं आणि त्या ओरखड्यावरून हलकेच फिरवलं. आप्पांनी झटकन हात मागे घेतला.

"झोंबलं?"

आप्पा मनगट चोळायला लागले.

"तिची सगळी कातडी तशी आहे. रात्रभर."

आप्पा मनगटाकडे बघत राहिले. मग खांद्यावरची घोंगडी काढली, घडी घातली, आणि उठून बाहेरच्या बाकड्यावर ठेवून आले. "सांगा," ते म्हणाले. "अजून काय काय?"

डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं होतं की सगळं एकदम बंद करू नका. एकेक गोष्ट बदला, थोडे दिवस बघा, फरक पडला तर ठेवा, नाही तर सोडून द्या. आणि खाणं तर आम्हाला विचारल्याशिवाय बंद करायचंच नाही. आप्पांनी यातलं पहिलं सगळं ऐकलं आणि शेवटचं विसरले. घरी आल्यावर अंडं बंद, शेंगदाणे बंद, दूध बंद. पुढच्या खेपेला आरूचं वजन उतरलेलं बघून डॉक्टरबाई अशा रागावल्या की आप्पा शाळकरी पोरासारखे खाली मान घालून उभे राहिले. त्या रात्री आरूला पुन्हा अंडं मिळालं आणि ती ते दोन्ही हातांत धरून हळूहळू खात बसली.

बाकी मात्र त्यांनी धीरानं केलं. जावळाची घोंगडी पेटीत गेली. मंगलनं जुन्या सुती लुगड्यांची गोधडी शिवली. आप्पा स्वतःची घोंगडी घेऊन ओट्यावर झोपायला लागले. आंघोळीचं पाणी चुलीवरून उतरलं की आप्पा स्वतः कोपर बुडवून बघायचे. "कढत हाय, गार पाण्याचं इसवण घाल!" आंघोळ झाली की टॉवेलनं चोळायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर आहे तोवरच क्रीम लावायचं. मंगल टिपत असताना आप्पा दाराबाहेरून "टीप, टीप" म्हणत राहायचे. शेवटी मंगल वैतागून म्हणायची, "टिपतेच आहे की! तुम्ही जावा मेंढरांकडं."

आणि ते पाणी. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, कपड्यात पावडर राहिली की ती कातडीला चावते. वासाची पावडर नको, आणि कपडे भरपूर पाण्यात खळबळा. मंगल दोन वेळा खळबळायची. आप्पा येऊन त्या पाण्यात हात घालायचे, बोटं एकमेकांवर घासायचे. "बुळबुळतंय. अजून एक पाणी!" उन्हाळ्यात बोअर आटलं की मंगल भडकायची. "पाणी काय झाडाला लागतंय का?" आप्पा सायकलला दोन कॅन अडकवायचे आणि लांबच्या विहिरीवरून पाणी आणायचे. नवीन फ्रॉक आणला तरी आधी धुवायचा, मग अंगात. आरू त्या ओल्या फ्रॉकपाशी दोरीखाली बसून तो वाळायची वाट बघायची.

संध्याकाळी देवापुढे धूप घालायची त्यांची जुनी रीत होती. घरभर धूर व्हायचा आणि आरूचे डोळे, गाल लाल व्हायचे. आप्पांनी धुपाटणं उचलून अंगणात नेलं. त्यांचे मेहुणे आले होते, त्यांना ते रुचलं नाही. "देवाला धूप न्हाई म्हंजी काय, दाजी?"

"देवाला म्या सांगितलंय बाहेर ये म्हणून," आप्पा म्हणाले. "त्याला काय, तो कुठं बी जाईल. पोरीला जाता येत न्हाई."

माझ्या खोलीत मी चंदनाची उदबत्ती लावायची. आप्पांनी मला कधी बंद करा म्हणून सांगितलं नाही. एके दिवशी फक्त दारात उभे राहिले, नाक वर करून वास घेतला, म्हणाले, "झकास वास हाय, बाई," आणि तिथंच उभे राहिले. मी उदबत्ती विझवली. तेव्हा ते गेले.

मांडवगण फराट्याला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. आरूला तिच्या मामानं जाळीचा, टिकल्यांचा चमचमता फ्रॉक आणला होता. वैशाखाचं ऊन, नायलॉनचं कापड आणि घाम! मंगलनं फ्रॉक कपाटात टाकला. आरू दोन दिवस धड जेवली नाही. आप्पांनी काय केलं, आपलं एक जुनं मऊ धोतर घेतलं, फ्रॉक घेतला आणि शिंप्याकडे गेले. धोतराचं अस्तर आतून सगळीकडे, गळ्यापर्यंत, बाह्यांपर्यंत लावून आणलं. शिंपी म्हणाला होता, फ्रॉकची शोभा जाईल. आप्पा म्हणाले होते, "शोभा बाहेरून. आत माझी पोरगी हाय."

लग्नात आरू नुसती नाचत होती. टेबल-खुर्च्यांच्या पंगतीला बसलो तेव्हा मंगल, आरू आणि मी एका ओळीत. आरूशेजारी एक पोर येऊन बसलं. त्याची आई वाढप्यांमधून वाट काढत आली, तिनं आरूचे कोपर बघितले आणि पोराला दंडाला धरून उठवलं. "लांब बस. त्या पोरीला रोग हाय."

ती हे हळू बोलली होती. पण आरूला ऐकू गेलं. तिनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

आप्पा पुरुषांच्या पंगतीत होते. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. ते आले आणि त्या रिकाम्या जागेवर बसले. आरूच्याच ताटातली पुरी मोडली, बासुंदीत बुडवली आणि खाल्ली. मग तिचा एक हात टेबलाखालून वर घेतला, कोपर उलटा केला आणि त्या लाल चट्ट्यावर आपला गाल ठेवला. असेच थोडा वेळ बसले. मग उठून उभे राहिले आणि बंडीचे बंद सोडायला लागले.

"आप्पा!" मंगल दबक्या आवाजात म्हणाली.

"थांब गं." बंडी काढून त्यांनी खांद्यावर टाकली. सत्तरीतला माणूस, उघडा, भर पंगतीत. "रोज तिच्या ताटात जेवतो म्या. रोज मांडीवर घेतो. या, बघा कुणाला बघायचंय ते. कुठं डाग दिसला तर सांगा मला. पटवून सांगा!"

सनईची टेप कुणीतरी बंद केली होती. वाढपी वाट्या धरून उभे. ती बाई तोंडाला पदर लावून उभी होती. मग आप्पांनी बंडी चढवली आणि अगदी साध्या आवाजात तिला म्हणाले, "बस की पोरी, तुझ्या लेकराला बी बसव. बासुंदी चांगली झालीय." ती बसली. पोरही बसलं. थोड्या वेळानं आरू आणि ते पोर पापड कुणाचा मोठा यावरून भांडत होती.

इतकं करूनही आरूचं दुखणं काही एका दिवसात गेलं नाही. उन्हाळ्यात बरं वाटायचं, थंडी पडली की पुन्हा उसळायचं. आप्पा हिरमुसायचे. डॉक्टरबाई सांगायच्या, हे असंच चढणार-उतरणार, वय वाढेल तसं बहुतेक मुलांचं कमी होतं, तोवर नेटानं करायचं.

एक गोष्ट मात्र डॉक्टरबाईंनी सांगितलीच नव्हती, ती आप्पांनी केली. मेंढरं घेऊन ते परतायचे तेव्हा आरू लांबूनच धावत यायची. पूर्वी ते तिला उचलून खांद्यावर घ्यायचे. आता अंगाला लोकर, धूळ, कुसळं. म्हणून ते हात वर करायचे, "थांब, थांब, जवळ नगं येऊस," आणि आधी मोरीत जायचे, आंघोळ करायचे, कपडे बदलायचे, मग तिला घ्यायचे. तोवर तिचा उत्साह मावळलेला असायचा.

एका संध्याकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते. आप्पा आले, आरू धावली, आप्पांनी हात वर केले. आरू मध्येच थांबली. तिनं विचारलं, "आप्पा, मी घाण हाय का?"

आप्पांच्या मागे मेंढरं खोळंबली होती, एकमेकांना ढुशा देत होती. आप्पा तिथंच खाली बसले.

"न्हाई गं माझे बाय. घाण म्या हाय. तू न्हाई."

"मग घे की."

त्यांनी घेतलं नाही. बसल्या जागेवरून तिच्याकडे नुसतं बघत राहिले. त्या रात्री ते जेवायलाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते मेंढरं घेऊन निघाले, रोजच्या वाटेनं नाही, केंदूरच्या बाजूला. तिथं त्यांचा चुलत भाऊ होता, त्याचा मोठा कळप होता. संध्याकाळी एकटेच परत आले. मंगलनं तोंडाला पदर लावला. मुलगा कामावरून आला तेव्हा मेंढरांच्या वाड्यापाशीच थांबला. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आता वाडा रिकामा होता, आणि त्या रिकाम्या वाड्याच्या दारात आरू आप्पांच्या खांद्यावर बसून त्यांचा पटका सोडत होती.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आप्पा, मी मेंढरं द्यायला नव्हतं सांगितलं. तुम्ही आंघोळ करून तिला घेत होता तेवढं पुरेसं होतं."

"तुम्ही न्हाई सांगितलं," आप्पा म्हणाले. "तिनं इचारलं."

त्यानं आरूची कातडी फार काही सुधारली असं मी म्हणणार नाही. त्या हिवाळ्यातही चट्टे आले. पण आप्पांनी मेंढरांचं नाव पुन्हा काढलं नाही. फक्त संध्याकाळ झाली की ते उगाच उठायचे, फाट्यापर्यंत जायचे, उभे राहायचे आणि परत यायचे. एखादा दुसऱ्याचा कळप रस्त्यानं चालला असला की बाजूला उभं राहून शेवटचं मेंढरू जाईपर्यंत बघायचे. मी एकदा विचारलं, "आठवण येते?" म्हणाले, "येती की. त्यात काय चोरी हाय?"

माझी दौंडला बदली झाली तेव्हा आरू चौथीत होती. चट्टे मनगटापुरते उरले होते. मंगल मला निरोप द्यायला एसटीपर्यंत आली. आप्पा पुढं गेलेले. गाडी निघाली होती, ती त्यांनी मध्ये उभं राहून थांबवली आणि कंडक्टरला ओरडून सांगितलं, "आमच्या बाई हायेत. पुढची शीट द्या. त्यांचं पोट नाजूक हाय."

मग फोन होत राहिले, भेट मात्र नाही. ती झाली ती दौंडमध्येच, आप्पा जायच्या आदल्या हिवाळ्यात. मुलींच्या खो-खोच्या स्पर्धा होत्या आणि आरूचा संघ शिरूरकडून आला होता. मंगलचा सकाळी फोन आला, "बाई, मैदानावर या. आप्पापण आलेत."

आप्पा दोरीपाशी जमिनीवर बसले होते. वाळले होते फार. हातात काठी आली होती. ऐकूही कमी येत होतं, त्यामुळे आवाज आणखीनच वाढला होता. मला बघून त्यांनी शेजारची धूळ हातानं झटकली आणि "बसा" म्हणाले. मैदानावर आरू होती. लांब पायांची, दोन वेण्या कानामागे गुंडाळलेली, संघाच्या चकचकीत टी-शर्टात घामानं निथळणारी. वारं सुटलं होतं आणि सगळं मैदान धुरळ्यानं भरलं होतं. मी मंगलकडे बघितलं. ती मलमाची पिशवी छातीशी धरून बसली होती. आप्पा मात्र डोळे बारीक करून नुसते खेळ बघत होते.

शेवटच्या डावात आरूनं खांबापाशी सूर मारला. समोरची मुलगी बाद झाली, पोरी ओरडल्या, आणि आरू तशीच घसरत दोरीपर्यंत आली. उठली तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत हात सोलवटला होता. रक्त आलं होतं. मंगल उठून धावली. आप्पा काठीवर भार देऊन उठले, माझा खांदा धरून पुढं गेले.

त्यांनी आरूचा हात घेतला. उलटा केला, सुलटा केला. डोळ्यांजवळ नेला. कोपराच्या लवणीत अंगठा फिरवला. तिथली कातडी स्वच्छ होती, सावळी, उन्हानं रापलेली. बाकी सगळं नुकतं सोललेलं होतं, मातीनं भरलेलं.

"पडली!" आप्पा मोठ्यानं म्हणाले. मग आणखी मोठ्यानं, माझ्याकडे वळून, "बाई, पडलीय नुसती! खरचटलंय! साधं खरचटलंय!"

"आप्पा, हळू," आरू म्हणाली. तिच्या मैत्रिणी हसत होत्या.

पण त्यांना थांबवायचं कुणी? शेजारच्या संघाचे सर पाण्याची बाटली घेऊन आले होते, त्यांनाही आप्पांनी तो हात दाखवला. "बघा, सर. खेळताना पडली. समद्या पोरी पडत्यात, तशी पडली." सरांना काही कळलं नाही, ते "हो, हो" म्हणाले. पंचांनी शिट्टी वाजवली. आरूनं हात सोडवून घेतला, बाटलीतलं पाणी जखमेवर ओतलं, फू फू केलं आणि परत मैदानात पळाली.

आप्पा दोरीपाशी उभे राहिले. मी खाली बसा म्हटलं, ते त्यांना ऐकू गेलं नसावं. काठी बगलेत धरून दोन्ही हातांनी ते टाळ्या वाजवत होते, खेळ अजून परत सुरूही झाला नव्हता तरी.